बेंच प्रेस, सेफ्टी बार आणि मदत मागण्याचा संकोच

भिंतीवर सुरक्षेच्या नियमांची पाटी लावूनही जिममधील सदस्य ते पाळत नाहीत, ही तक्रार रास्त आहे. मात्र त्यामागे बेफिकिरीपेक्षा संकोच अधिक असतो, असे मला वाटते. बेंच प्रेसचा (बाकावर उताणे झोपून वजन छातीवरून वर ढकलण्याच्या व्यायामाचा) नुसता ऑलिंपिक बारच, म्हणजे वजने लावायचा लांब दांडाच, 20 किलोचा असतो आणि शेवटच्या रिपला (आवर्तनाला) हात थकले की तो छातीवर किंवा गळ्यावर अडकू शकतो, हे ठाऊक असूनही नवखा माणूस शेजारच्याला ‘जरा मागे उभे राहता का?’ असे विचारायला लाजतो. म्हणून प्रशिक्षकाने हाकेची वाट न पाहता स्वतःहून मागे उभे राहावे आणि किती रिप मारणार, बार कधी धरायचा, एवढे आधीच विचारून घ्यावे. पॉवर रॅकमधील (बेंचभोवतीच्या लोखंडी चौकटीतील) सेफ्टी बार, म्हणजे सुटलेला बार अडवणारे आडवे दांडे, फुगवलेल्या छातीच्या किंचित खाली, पण गळ्याच्या वर राहतील असे लावून पहिल्याच दिवशी रिकामा बार त्यांवर मुद्दाम टेकवायला सांगावा. तो बिनधास्त सोडता येतो हे एकदा अनुभवले की भीती बरीच कमी होते. (जुने सदस्य हे करताना दिसले, तर पाटीची गरजही फारशी उरणार नाही.) बारवरच्या वजनाच्या प्लेट घसरू नयेत म्हणून लावायचे कॉलर मात्र रॅकलाच अडकवलेले असावेत, कारण ते कोपऱ्यातल्या डब्यात ठेवले की हमखास लावायचे राहून जातात.