मदत हवी आहे: चित्रातले चेहरे लांबुडके होतात

ओलीशाई
शाळेत असताना चित्रं बरी काढायचो. 'बरी' म्हणजे अर्ध्या वर्गाच्या प्रयोगवह्या आकृत्यांसाठी माझ्याकडे यायच्या. मग जे सुटलं ते सुटलंच. आता पन्नाशी उलटल्यावर परत हात घातलाय. झाडं, भांडी, खुर्च्या सगळं जमतंय, पण माणसांचे चेहरे लांबुडके होतात. काढताना अगदी बरोबर वाटतं. उठून लांबून पाहिलं की दादाच्या जागी घोडा.

थोरल्या वहिनींना दादाचं चित्र काढून देतो असं चारचौघांत बोलून बसलोय आणि दिवस थोडे उरलेत. नेमकं काय चुकतंय? 'सराव करा' असं कृपया कोणी लिहू नका, तेवढं मलाही कळतं.

रेघोट्या
कागद कोणता, पेन्सिल कुठली, माणूस समोर बसवून काढता की फोटोवरून? एवढं तरी लिहा. नाहीतर आम्ही नुसते अंदाजपंचे सांगत बसू.

खडूफळा
सराव करा. (हलके घ्या.)
नवशिक्यांचं एक ठरलेलं दुखणं असतं, डोळे फार वर काढतात. टाळूपासून हनुवटीपर्यंतचं अंतर घेतलं तर डोळे साधारण निम्म्यावर येतात. पण आपलं लक्ष डोळे-नाक-तोंडावर असतं, म्हणून कपाळ आणि डोकं चेपलं जातं आणि खालचा भाग लांबतो. डोळे मध्यावर घ्या, विषय संपला.

ओलीशाई
डोळे मध्यावरच आहेत हो. मी नवशिका नाही, मधे खंड पडलाय एवढंच. ड्रॉइंगचा साधा कागद, पेन्सिल एचबी आणि ४बी, फोटोवरून काढतो. पण पेन्सिलीचा लांबुडकेपणाशी काय संबंध?

पिक्सेलपांडू
टॅब घ्या. चित्र आडवं फिरवून उलटं बघता येतं, चुका लगेच दिसतात. चेहरा लांबला तर तेवढाच भाग निवडून खालून वर ढकलायचा, झालं. मी टॅबवर आलो तेव्हापासून खोडरबराचं तोंड पाहिलेलं नाही.

रेघोट्या
त्यांनी टॅबबद्दल विचारलंय का?

पिक्सेलपांडू
प्रश्न आखूड करण्याचा आहे. मी आखूड कसं करायचं ते सांगितलं.

सायंतारा
चष्मा कुठला आहे? प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर) असेल तर माझ्यासारखंच होत असणार. चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग ताठर व्हायला लागतं, जवळचं दिसेनासं होतं. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं बघायला तळाशी छोटासा पट्टा असतो आणि त्याच्या दोन्ही कडांना सगळं थोडं वेडंवाकडं दिसतं. मोठ्या कागदावर काम करताना मान सारखी वरखाली करावी लागते. मी चित्रांसाठी हाताच्या अंतराचा, एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घेतला. मानेचं दुखणंही गेलं. आधी डोळे तपासून घ्या, मग पुढचं.

मंदगती
वयाचा बाऊ करू नका. रवींद्रनाथ टागोर साठीच्या पुढे चित्रांकडे गंभीरपणे वळले. हस्तलिखितात खोडलेल्या ओळींना आकार देता देता सुरुवात झाली आणि १९३० साली थेट पॅरिसला प्रदर्शन. व्हॅन गॉगनेही सत्ताविसाव्या वर्षापर्यंत चित्रकार व्हायचं ठरवलं नव्हतं. जिद्द हवी!

ओलीशाई
वयाचं मी विचारलेलंच नाही. जिद्द आहे, चेहरा लांब आहे.
@सायंतारा, चष्मा वाचायचा आहे, साधा.

चतुर्थांश
चौकट पद्धत वापरा. फोटोवर समान चौकोन आखा, कागदावर तेवढेच चौकोन मोठ्या मापात आखा, मग एकेका चौकोनात काय आहे तेवढंच बघून काढा. मेंदूला 'हे नाक आहे' हे कळायच्या आत नाक काढून होतं.

खडूफळा
म्हणजे नक्कल. मग फोटोच फ्रेम करून द्या की वहिनींना.

चतुर्थांश
जर्मन चित्रकार ड्युररने १५२५ च्या ग्रंथात काचेतून बघत माणूस काढणारा चित्रकार दाखवलाय. डोळा एका जागी स्थिर ठेवायला सोयसुद्धा केलेली. त्यालाही नापास करा.

खडूफळा
ड्युररला काचेशिवायही काढता येत होतं. प्रश्न तिथे आहे.

किलबिल
माझी मुलगी सहा वर्षांची आहे. माणसं काढताना पोटच काढत नाही, डोक्यालाच हातपाय. क्लास लावावा का?

रेघोट्या
ताई, त्यासाठी वेगळा धागा काढा ना.

खडूफळा
लावू नका. लहान मुलं तशीच काढतात. मूल दिसतं ते काढत नाही, माहीत असतं ते काढतं. आपले धागाकर्ते लहानपणी खूश होते त्याचंही कारण तेच, तेव्हा चित्राशी कोणी ताडून बघत नव्हतं. आता बघणारा डोळा मोठा झालाय आणि हात शाळेतच राहिलाय. दोघांची गाठ पडेपर्यंत वाट बघायची, दुसरा इलाज नाही.

ओलीशाई
हे मला पटत नाही. लहानपणी मी पुस्तकांतली चित्रं बघून काढायचो आणि ती मोजूनमापून बरोबर यायची. त्या वह्या अजून आहेत घरात. चेहरेसुद्धा आहेत त्यात.

जुनाखोडरबर
उशिरा आलो. दोन प्रश्न, नीट उत्तर द्या.
१. काढताना कागद कसा असतो? टेबलावर सपाट?
२. फोटो कुठे असतो?

ओलीशाई
टेबलावर. आणखी कुठे असणार? फोटो मोबाईलवर, मोबाईल समोर स्टँडला उभा. पण हे आता कशाला?

जुनाखोडरबर
कारण दुखणं तिथेच आहे. मोबाईल तुमच्या डोळ्यांसमोर सरळ आहे आणि कागद आडवा पडलाय. आडव्या कागदाकडे तुम्ही तिरपे बघता, त्यामुळे कागदावरची उभी लांबी डोळ्याला कमी दिसते. ती भरून काढायला हात आपोआप लांब काढतो. बसल्या जागी चेहरा बरोबर दिसतो, कागद उभा धरला की खरी लांबी बाहेर येते. फोटोतल्या चेहऱ्याची रुंदी आणि उंची पट्टीने मोजा, चित्रातलीही मोजा, आणि इथे लिहा.

चतुर्थांश
पण कागद सपाट असला तरी फोटोही शेजारी सपाट असेल तर दोन्ही सारखेच चेपलेले दिसतील, फरक पडणार नाही.

जुनाखोडरबर
बरोबर. म्हणून तर फोटो कुठे ते विचारलं.

ओलीशाई
मोजलं. रुंदी १० धरली तर फोटोत उंची १४ येते, चित्रात १६.
आणि हो, लहानपणी मी जमिनीवर पालथा पडून काढायचो. पुस्तक वहीला लागूनच, जमिनीवर.

चतुर्थांश
१४ भागिले १६ म्हणजे ०.८७५. म्हणजे नजर कागदाच्या लंबापासून साधारण २९ अंश कललेली. खुर्चीत बसून टेबलावर बघताना एवढा कोन सहज पडतो. जुनाखोडरबर, मानलं.

सायंतारा
तरी पण चष्मा तपासून घ्यायला हरकत नाही.

जुनाखोडरबर
आता करायचं ते. एखादी हलकी फळी किंवा जाड पुठ्ठा घ्या, एक कड मांडीवर आणि वरची कड टेबलाला टेकवून तिरकी. नजर कागदावर काटकोनात पडली पाहिजे. मोबाईलही तेवढाच तिरका, कागदाच्या शेजारी, म्हणजे मान वळवावी लागत नाही. चेहरा भरायला लागण्याआधी टाळू, हनुवटी आणि दोन्ही कानांच्या बाहेरच्या कडा अशा चार खुणा करा, उठा, चार पावलं मागे जाऊन बघा. डोळ्याची पापणी रंगवून झाल्यावर उठलात तर मन खोडायला तयार होत नाही.

आणि फोटो सेल्फी असेल तर बदला. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक फुगतं, कान मागे पळतात. तुम्ही अचूक काढलंत तरी वहिनी म्हणतील हे कोण.

पिक्सेलपांडू
टॅबही सपाट ठेवला की हेच होतं बरं का. माझ्याकडे स्टँड आहे म्हणून लक्षात आलं नव्हतं.

रेघोट्या
अखेर टॅबवाल्यांचा उपयोग झाला.

ओलीशाई
फळी तिरकी केली. सेल्फी नव्हता, पुतणीने लांबून काढलेला फोटो आहे. चेहरा आटोक्यात आला. हनुवटी अगदी दादाची.
पण आता केस. काळेभोर करायला ४बी दाबून फिरवली तर पृष्ठभाग चकाकतो. खिडकीच्या बाजूने बघितलं की दादा पिकलेला दिसतो, आणि तो केस रंगवतो, त्याला चालणार नाही. लवकर सांगा.

खडूफळा
ग्राफाइट आहे, दाबलं की चकाकणारच. पेन्सिलीत ग्राफाइट आणि चिकणमाती असते, माती जास्त तर कडक आणि फिकी, ग्राफाइट जास्त तर मऊ आणि काळी. ६बी आणा, पण न दाबता थरावर थर द्या.

जुनाखोडरबर
६बी सुद्धा चकाकते. चकाकी नको असेल तर केस कोळशाच्या पेन्सिलीने करा, तो काळा मॅट राहतो. मात्र दाबून गुळगुळीत झालेल्या ग्राफाइटवर कोळसा धरत नाही. आधी मळता येणाऱ्या खोडरबराने टिपून टिपून तो भाग फिका करा, घासू नका. आणि हाताखाली कोरा कागद ठेवा, नाहीतर केस गालावर येतील.

मंदगती
दादांना पिकलेलेच दाखवा. वयाचा बाऊ कशाला?

ओलीशाई
तुम्ही दादाला ओळखत नाही.
कोळशाची पेन्सिल आणली. एका कोपऱ्यात करून पाहिलं, चकाकी गेली. फ्रेमवाल्याकडे न्यायच्या आधी आणखी काही?

जुनाखोडरबर
फिक्सेटिव्हचा (कोळसा कागदावर धरून ठेवणारा द्रव) हलका फवारा, मोकळ्या हवेत, लांबून. एका जागी भिजेपर्यंत मारू नका. फ्रेम करताना माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लावायला सांगा, काच थेट कागदाला टेकली तर कोळसा काचेवर उमटतो.

खडूफळा
फवाऱ्याने कोळसा आणखी गडद होतो, हे सांगायचं राहिलं. केस एक छटा फिके ठेवा.