नाव आधी, लोगो मागून

'माल चांगला असला की नाव-लोगो कशाला?' असं काहीजण म्हणतात, ते मत मला अर्धंच पटतं. माझी आई लातूरला येसर, म्हणजे आमटीला लावायचं मसाल्याचं पीठ, करून विकते. गहू, हरभऱ्याची डाळ, धने खमंग भाजून दळायचं. दोन वर्षं साध्या पिशवीला गाठ मारून दुकानात ठेवायचो. गिऱ्हाईक परत यायचं, 'मागच्या वेळचंच द्या' म्हणायचं आणि दुकानदार हाताला लागेल ती पिशवी द्यायचा. चव आईची, विक्री भलत्याचीच! मनाला फार लागायचं ते.

मग नाव ठेवलं, साधी चिठ्ठी चिकटवली. आता लोक नाव घेऊन मागतात.

लोगोवर मात्र सुरुवातीला हजारो रुपये घालू नका. एका रंगात, रबरी शिक्क्यावरसुद्धा वाचता आलं की पुरे. नाव निवडताना साई, भवानी, बालाजी शक्यतो टाळा. गल्लोगल्ली तीच नावं आहेत, ट्रेडमार्क (नावावरचा कायदेशीर हक्क) मिळायलाही अडचण येते. अर्ज ऑनलाइन केला तर लहान उद्योगाला एका वर्गासाठी (मालाच्या एका गटासाठी) सरकारी फी ४,५०० रुपये, नोंदणी १० वर्षं चालते. पाट्या छापण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर नाव शोधून बघा, तिथं शोधायला पैसे लागत नाहीत.