शोध घेणे, शोध लागणे, शोध लावणे

‘एआयने पेरूमधल्या ३०३ भूचित्रांचा शोध लावला’ अशा धाटणीची वाक्यं हल्ली सर्रास दिसतात. (भूचित्र म्हणजे जमिनीवरच काढलेलं चित्र.) इथे ‘शोध लावला’ बरोबर आहे का? शिवाय अशा ठिकाणांना कुणी ‘दूरस्थ’ म्हणतं, कुणी ‘दुर्गम’. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
‘लावला’ला माझा ठाम विरोध. काम कसं झालं ते पाहा. जपानमधल्या यामागाता विद्यापीठाच्या मासातो साकाई यांच्या चमूने आयबीएमच्या संशोधकांबरोबर पेरूतलं नाझ्काचं वाळवंट धुंडाळलं. निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. विमानातून टिपलेल्या छायाचित्रांवर एआयने हजारो जागा दाखवल्या. माणसांनी त्या एकेक करून नजरेखालून घातल्या, तेव्हा सरासरी छत्तीसांतली एक घेण्याजोगी निघाली, अशा १,३०९. त्यांतल्या काही ठिकाणी जाऊन, पायी फिरून, ड्रोन उडवून खातरजमा केली. आणि ३०३ पैकी ५९ चित्रं तर एआयने सुचवलेलीच नव्हती, ती या पाहणीतच सापडली! म्हणून एआयने शोध घेतला म्हणा. ‘एआयच्या मदतीने ३०३ भूचित्रांचा शोध लागला’ हे वाक्य मला निर्दोष वाटतं, त्यात उन्हात फिरलेल्यांचं श्रेय बुडत नाही.

प्रतिसाद २
सहमत. त्या १,३०९ जागांना इंग्रजी ‘candidate’वरून ‘उमेदवार’ म्हणू नये, एवढी भर घालतो. ‘संभाव्य जागा’ पुरे.
आता दुसरा प्रश्न, ‘दूरस्थ’ की ‘दुर्गम’. ‘दुर्गम’ हे जागेचं विशेषण आहे आणि दुरून पाहणं ही पद्धत. तिच्यासाठी ‘दूरसंवेदन’ रुळलेला आहे. कंबोडियातल्या अंगकोरच्या मंदिरांपाशी पर्यटकांची रीघ असते, तरी भोवतालच्या रानाखालची रस्त्यांची आणि तळ्यांची आखणी स्पष्ट झाली ती २०१२च्या लायडार (लेझरने अंतर मोजून नकाशा करण्याचं तंत्र) पाहणीमुळे. हेलिकॉप्टरमधून सोडलेल्या लेझरच्या असंख्य स्पंदांपैकी काही पानांच्या फटींतून थेट जमिनीपर्यंत पोचतात. झाडांवरून परतलेले बिंदू गाळले की उरतो तो नुसता भूभाग, आणि चालताना पायाखाली जाणवणारही नाही असा बुजलेला बांध नकाशावर सरळ रेघेसारखा उमटतो. तिथे ‘दुर्गम’ लागू नाही. नाझ्काला मात्र ‘दुर्गम’ खुशाल वापरा.

प्रतिसाद ३
‘भूरेखाचित्र’ असाही शब्द वाचला. तो चालेल का?

प्रतिसाद २ लिहिणाऱ्याचं उत्तर
सगळीकडे नाही. नाझ्काची प्रसिद्ध मोठी चित्रं रेषांचीच आहेत, पण नव्याने सापडलेल्यांत बहुतेक लहान आहेत, पायवाटांच्या कडेची. त्यांत दगड हलवून, रचून फिकट-गडद भाग उठवलेले आहेत. माणसांची डोकी, पाळीव जनावरं दिसतात. रेघ अशी नाहीच. ‘भूचित्र’ दोन्हींना पुरतो.