बाळाच्या हाताची ताकद सुईने मोजायची की डोळ्याने?

तिरकस_फिजिओ
काल इथे एकाने ठोकून दिलं: "जन्मताना खांद्याजवळची नस दुखावलेल्या बाळांना खेळणी दाखवून गुण देणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. सरळ ईएमजी करा, म्हणजे स्नायूत सुई घालून विजेच्या लहरी बघा." अहो, 3 महिन्यांच्या बाळाच्या बायसेप्समध्ये, म्हणजे कोपर वाकवणाऱ्या स्नायूत, सुई घातली की पुष्कळदा लहरी छान दिसतात, आणि कोपर मात्र तसूभर हलत नाही. त्या लहरींवर विसंबून 'येईल हळूहळू' म्हणत बसायचं? ऑपरेशनचा विचार याच महिन्यांत करायचा असतो. टोरांटोची 0 ते 7 गुणांची पट्टी निदान हालचालच बघते. आधी गुरुत्वाकर्षण टाळून, म्हणजे हाताचं वजन उचलावं न लागता, पूर्ण हालचाल, तिचे 4. ती जमेपर्यंत पुढचे गुण नाहीत.

सुईवाला
मीच तो 'एक'. बाळ भुकेलं की तुमचे गुण घसरतात. आणि नसांची मुळं मज्जारज्जूपासून उपटलीत का, हे खुळखुळा वाजवून कळतं वाटतं?

लेकीची_आई
भुकेचं जाऊ द्या. आमच्या लेकीने अख्खं अंग वाकवून खेळणं पकडलं, तर कागदावर 'उत्तम प्रगती'! घरी बाहीत हात घालताना रोज रडारड. तपासताना बाळाची छाती-कंबर धरून ठेवायची असते हे मलाच सांगावं लागलं.

तिरकस_फिजिओ
ताई, तो तपासणाऱ्याचा दोष. पट्टीचा नाही.

नाइलाजाने_डावखुरा
पट्टीचाही आहे. सांधा जेवढा दुसऱ्याने हलवून हलतो, तेवढ्यातच ती गुण देते. म्हणजे आखडलेल्या खांद्यालाही 7 पैकी 7. वा! माझा उजवा हात जन्मापासून असा. मॅलेटच्या तपासणीत (त्यात ठरावीक हालचाली करून दाखवायच्या असतात) हात तोंडाशी नेला की कोपर तुतारीसारखं बाहेर. बायसेप्स आणि कोपर सरळ करणारा ट्रायसेप्स वेगवेगळे तपासले की दोन्ही दणकट, पण वाकवायला गेलो की दोघं एकदम ओढतात आणि कोपर जागच्या जागी. शिवाय सगळं एकदाच करून दाखवायचं. दहाव्या वेळी हाताचं काय होतं हे आजवर कुणीही विचारलेलं नाही.

सुईवाला
धागा बाळांचा आहे.

नाइलाजाने_डावखुरा
बाळं मोठी होतात, साहेब! लहानपणीच्या फायलीत 'समाधानकारक' लिहून तुम्ही मोकळे, पुढची चाळीस वर्षं आम्ही निस्तरायची.

लेकीची_आई
+1. आणि खांदा आतल्या बाजूला वळत चाललाय हे कुणी बोललंसुद्धा नाही. सगळ्यांचं लक्ष बायसेप्सवर.

तिरकस_फिजिओ
त्यासाठी दुसऱ्याने हलवून मिळणारा कोन वेगळा लिहायचा असतो, विशेषतः बाहेर वळण्याचा. बरेच जण लिहीत नाहीत, हे मान्य. पण म्हणून पट्टी फेकायची?

सुईवाला
चला, बायसेप्सच्या लहरी तुम्हाला दान. उपटलेल्या मुळांचा मुद्दा सोडणार नाही: हात बधिर, तरी नसेतली संवेदनेची लहर शाबूत आली, तर मुळं उपटलीत हे मशीनच सांगतं. आणि डावखुरे, तुमचे दोन स्नायू एकदम ओढतात ते पक्कं करायला काय लावतात, ठाऊक आहे? ईएमजीचे इलेक्ट्रोड!

नाइलाजाने_डावखुरा
लावा की. फक्त दहाव्या वेळेपर्यंत काढू नका.