ऑनलाइन वर्गात 'शाबास' पोचतच नाही. तिसरीच्या मुलांना हुरूप कसा द्यायचा?

पाटीपेन्सिल (प्रश्न)

तिसरीला शिकवते, नोकरीचं दुसरंच वर्ष. शाळेच्या इमारतीचं काम निघाल्यामुळे गेले पाच आठवडे वर्ग घरून चाललाय आणि अजून सहा आठवडे तरी असाच चालेल. २०२० मध्ये मी स्वतः कॉलेजात होते आणि कॅमेरा बंद करून खुशाल झोपायचे. त्यामुळे आता जे भोगतेय त्याबद्दल फारशी तक्रार करायची सोय नाही.

वर्गात २८ मुलं. पहिल्या आठवड्यात २६ जण वेळेआधी हजर असायचे. आता १७-१८ येतात, त्यातले नऊ जण कॅमेरा चालू ठेवतात. रोजच्या अभ्यासाच्या वहीचा फोटो ग्रुपवर टाकायचा असं ठरलंय. प्रत्येक फोटोखाली मी 'खूप छान!' लिहून ताऱ्याचं स्टिकर टाकते. सुरुवातीला फोटोंचा नुसता पाऊस पडला. गेल्या शुक्रवारी मोजून सहा आले.

खरी लाज वाटली ती पुढे. एका मुलीने मंगळवारच्याच पानाचा फोटो गुरुवारी पुन्हा पाठवला, वरची तारीख खोडून. मी तिलाही 'खूप छान!' आणि तारा दिला. रात्री फोटो चाळताना लक्षात आलं.

दुसरा प्रश्न एका मुलाचा. शाळेत याला गप्प बसवता बसवता माझा घसा बसायचा. आता त्याचं नाव घेतलं की तो हळूच चौकटीबाहेर सरकतो. पडद्यावर उरतो एक कान आणि थोडे केस. सव्वा महिन्यात मी त्या कानालाच शिकवतेय.

तारे वाढवू का? दर शनिवारी 'आठवड्याचा स्टार विद्यार्थी' जाहीर करावा असं एका सहकाऱ्याने सुचवलंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

फोटोवाला_बाबा

शिक्षक नाही, दुसरीतल्या मुलाचा बाप आहे. आतली बातमी देतो. तुमच्याकडे फोटोत येणारी वही ही मुलाची नसते, आमची असते. ग्रुपवर आधी कुणाचं तरी मोत्यासारखं अक्षर येऊन पडतं, मग आमच्याकडे 'पुन्हा लिही' सुरू होतं. माझ्या मुलाने एकदा तिसऱ्यांदा पान फाडलं आणि वही पलंगाखाली सरकवून दिली. त्या दिवशी फोटो गेला नाही आणि मी बाईंना 'नेटवर्क नव्हतं' असं कळवलं. तुमच्या शुक्रवारच्या सहांपलीकडच्या २२ जणांत असे किती असतील ते बघा.

फोटो ग्रुपवर मागू नका, तुमच्या नंबरवर मागा. एवढंच.

जुनी_वही

त्या मुलीला रागावू नका हं. तिने तुमची परीक्षा घेतली आणि तुम्ही नापास झालात. बाई वही बघतात की नुसताच तारा टाकतात, एवढंच तिला तपासायचं होतं. मीही अशीच नापास झालेली आहे, म्हणून हक्काने सांगते.

२०२० मध्ये माझ्याकडे दुसरी होती, ३१ मुलं. निम्म्याहून जास्त घरांत एकच फोन, तोही दिवसभर कामावर जाणाऱ्याच्या खिशात. त्यामुळे वह्या यायच्या रात्री नऊनंतर. मीही तुमच्यासारखीच फुलं, टाळ्या, अंगठे वाटत सुटले होते. महिन्याभरात सगळं थंड. मग एका रात्री डोळे इतके दुखत होते की टाइप करवेना, म्हणून एका मुलाला व्हॉइस नोट पाठवली. वीस सेकंदांची असेल. "काल 'षटकोन' लिहिताना 'ष'च्या पोटातली तिरकी रेघ राहून गेली होती. आज तिन्ही ठिकाणी आहे. मी मोजल्या." बस. दुसऱ्या दिवशी आईचा निरोप, की पोराने ती नोट आजीला, शेजारच्यांना आणि फोनवरून मामाला ऐकवली. त्यात 'शाबास' हा शब्दही नव्हता.

तेव्हापासून एक पद्धत लावून घेतली. रोज सगळ्यांना नाही, सहाच जणांना. हजेरीच्या वहीत एक जादा रकाना आखला, कुणाला कधी नोट गेली त्याची खूण करायला. ३१ मुलं म्हणजे सहा दिवसांत एक फेरी पूर्ण. नोटेत मुलाचं नाव, त्याच्या वहीत खरोखर दिसलेली एक गोष्ट आणि जमलं तर एक प्रश्न. अर्ध्या मिनिटाच्या वर जायचं नाही, नाहीतर त्याचं भाषण होतं.

चूक सापडली तरी हेच. एका मुलीने ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिलं होतं. आपण काय करतो, लाल फुली मारतो आणि शेजारी २५ लिहून मोकळे होतो. पण तिने केलं काय होतं बघा. एककात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून तिने ७ मधून २ काढले आणि दशकात ५ मधून २. तिच्या डोक्यात नियम होता, 'मोठ्यातून लहान वजा करायचं'. तो नियम तिने दहाही गणितांत इमानदारीने पाळला होता! मी तिला म्हटलं, "दशकाचं घर तू नीट सांभाळलंस. आता मला ५२ काड्या मांडून दाखव, दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. त्यातल्या २७ मला दे." काड्या नव्हत्या, तिने रंगीत पेन्सिली आणि झाडूचे हीर घेतले. गठ्ठा सोडण्याची वेळ आली तशी ती थांबली. मग फोनच्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "बाई, रबर बँड काढू?" उसना घेणं तिला त्या रबर बँडमध्ये समजलं. मी वर्गात पाच वर्षं फळ्यावर शिकवून इतकं स्वच्छ कुणाला समजलेलं पाहिलं नव्हतं.

आणखी एक केलं, खोडरबर बंद. चुकलं की एक आडवी रेघ मारायची आणि पुढे लिहायचं. पालक चिडले, 'वही घाण दिसते' म्हणून. दिसू दे. खोडलेलं दिसलं तरच मला कळणार की मूल कुठे अडखळलं आणि स्वतःच कसं सावरलं. फोटोतून तेवढीच तर खिडकी मिळते आपल्याला.

आता तुमच्या कानाविषयी. आधी तो का सरकतो ते शोधा, तेही वर्गात नाही, फोन करून. माझ्याकडे एक मुलगी तोंडच उघडायची नाही. महिन्याने कळलं की तिच्यामागे हातभर अंतरावर आजारी आजी झोपलेली असायची. पोरगी गप्प नव्हती, ती आजीला जपत होती. तिला मी पाटीवर उत्तर लिहून कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितलं, आणि मग कळलं की उत्तरं सगळ्यांत आधी तिचीच तयार असतात.

किंवा त्याला स्वतःचा चेहरा बघायचा नसेल. आपल्यालाही कुठे आवडतो? स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ मीटिंगच्या थकव्याची चार कारणं मांडली, त्यात सतत स्वतःलाच पडद्यावर बघत राहणं हे एक आणि एका जागी खिळून बसणं हे दुसरं. हे मोठ्या माणसांबद्दल होतं, आठ वर्षांच्या मुलाचं काय होत असेल! स्वतःची चौकट लपवायची सोय बहुतेक ॲपमध्ये असते, ती त्याच्या आईला दाखवून द्या. आणि कॅमेरा चेहऱ्यावरच हवा असं कुठे आहे? वहीवर धरू दे. हात दिसले तरी पुष्कळ.

शेवटचं, थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात मोजून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तेच तीन सेकंदांपर्यंत नेलं की मुलांची उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारेही बोलतात. हे समोरासमोरच्या वर्गातलं. ऑनलाइनमध्ये आवाज पोचायला वेळ, म्यूटचं बटण शोधायला वेळ, आईकडे बघायला वेळ. मी टेबलाखाली बोटं मोडत सातपर्यंत मोजायचे. ते सात सेकंद जीवघेणे असतात, पण सहाव्या-सातव्याला कुणीतरी 'बाई...' म्हणतंच.

सातचा_पाढा

जुनी_वही ताईंचं बहुतेक पटलं, फक्त ताऱ्यांवर एवढा राग नको. मी गणित शिकवतो. पाढे, शुद्धलेखन असल्या रुक्ष सरावाला तारे चालतात, मी वापरतो आणि वापरत राहीन. गोची होते ती मूल जे आपणहून आवडीने करतंय तिथे तारा टांगल्यावर. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. बालवाडीतल्या चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, 'चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल.' काहींना न सांगता दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं तर 'काढलंस तर मिळेल' वाली मुलं चित्रांवर इतरांच्या जवळपास निम्माच वेळ घालवत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. म्हणजे दोष बक्षिसात नव्हता, आधी ठरलेल्या सौद्यात होता.

'तू हुशार आहेस' हेही जपून. म्युलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या अभ्यासात पाचवीच्या मुलांना पहिली कोडी सुटल्यावर काहींना 'हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'मेहनत घेतलीस'. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखीच सोपी दिली, तर 'हुशार'वाले आधीपेक्षा घसरले, आणि आपले गुण वाढवून सांगणारेही त्यांच्यातच जास्त निघाले. या विषयावर पुढे उलटसुलट बरंच छापून आलंय, तेव्हा तेवढ्यावरून 'मेहनत, मेहनत' असा जप सुरू करू नका. ज्या पोराने दोन मिनिटांत गणित सोडवलं त्याला 'किती मेहनत घेतलीस' म्हटलं तर तो आपल्याला वेड्यात काढतो. त्याला अवघड गणित द्या, तीच त्याची शाबासकी.

स्टार विद्यार्थी? एक तारा आणि २७ जण अंधारात. सहकाऱ्याला माझा नमस्कार सांगा.

रेडिओचा_कान

थोडं अवांतर, पण प्रश्नाशी नातं आहे. १९३७ मध्ये शिकागोत पोलिओची साथ आली, शाळा उघडायच्या लांबल्या, तेव्हा तिसरी ते आठवीचे पाठ रेडिओवरून दिले गेले आणि वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून यायचं. बाई बोलायच्या, मुलं ऐकायची. मुलाचा आवाज मात्र उलट जात नव्हता. शंका असेल तर घरच्यांनी फोन करायचा. १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जला 'स्कूल ऑफ द एअर' सुरू झाली. तिथे मुलं शेकडो किलोमीटर लांबच्या गुराढोरांच्या वस्त्यांवर, पण 'उडते डॉक्टर' म्हणजे विमानाने रुग्णांकडे जाणाऱ्या डॉक्टरांच्या सेवेचे दोन्ही बाजूंनी बोलता येणारे रेडिओ संच घरात होते. मूल बटण दाबून बाईंना उत्तर देऊ शकायचं, आणि ते बाकीच्या मुलांनाही ऐकू जायचं. तुमच्याकडे आज दोन्ही बाजूंचं यंत्र आहे, पण तारे टाकून तुम्ही ते शिकागोच्या रेडिओसारखं वापरताय, असं मला वाटलं. चुकत असेन तर सोडून द्या.

पाटीपेन्सिल

नऊ दिवसांनी परत आले. सगळ्यांना एकत्रच उत्तर देते.

बाबा, फोटो माझ्या नंबरवर मागायला लागले त्याच दिवशी १४ आले. त्यातले चार असे होते की ग्रुपवर कधीच आले नसते. तिरके, अर्धे, एकावर पायाचा अंगठा.

पान पुन्हा पाठवणाऱ्या मुलीला नोट पाठवली, "हे पान मी मंगळवारी पाहिलंय. तेव्हा नीट बघितलं नाही, ती चूक माझी. आजचं अर्धंच झालं असेल तर अर्धं पाठव." रात्री खरोखर अर्धं पान आलं. खाली पेन्सिलने, 'बाई हे नवीन आहे.'

व्हॉइस नोटचं गणित मात्र वाटलं तितकं सोपं नाही. रोज सहा म्हणता म्हणता तिसऱ्या दिवशी अकरा केल्या आणि घसा गेला. एका आईचा फोन आला, 'आमच्या मुलीला आज का नाही?' रकाना आखलाय, फेरी समजावून सांगितली, तरी त्यांना पटलेलं नाही. खोडरबर बंद करायला अजून धीर झालेला नाही. एका वेळी एकच भांडण.

सर, पाढ्यांचे तारे ठेवलेत, बाकीचे काढले. कुणी विचारलंसुद्धा नाही कुठे गेले म्हणून. जरा वाईटच वाटलं.

आणि कान. घरी फोन केला तर आई म्हणाली, "वर्ग संपला की तासभर बोलत असतो, तुमची नक्कल करतो." कॅमेरा वहीवर धरायला सांगितलं. धरला, पण तोंडातून चकार शब्द नाही. मग परवा मी सात सेकंद थांबायचा सराव करायला म्हणून स्वतःला म्यूट केलं आणि विसरले. दोन मिनिटं भागाकार शिकवला, अगदी हातवारे करून. सगळे गुपचूप बघतायत. मला वाटलं, वा, काय लक्ष आहे! आणि वहीवर रोखलेल्या त्या चौकोनातून आवाज आला, "बाई, तुमचा आवाजच नाही येत. परत सांगा, बारापासून."

जुनी_वही

उद्याही दोन मिनिटं म्यूट राहा.