सेकंड अपील आता मुंबईला का कोल्हापूरला?

बांधावरचा:
राम राम मंडळी. मोहोळ तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे, चुलत्यांबरोबर वाटपाचा दावा कित्येक वर्षं चाललाय. खालच्या कोर्टात आमच्या बाजूनं निकाल लागला पण मागच्या महिन्यात जिल्हा कोर्टानं अपिलात तो फिरवला. आता हायकोर्टात सेकंड अपील, म्हणजे दुसरं अपील करायचंय. आमचे अण्णा म्हणतेत हायकोर्ट म्हणजे मुंबईच, तिथला वकील ओळखीचा आहे. पण कोल्हापूरला बेंच झालंय ना आता? आणि मुदत किती दिवस असते?

शेंगाचटणी:
मुंबईचं विसरा. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच चालू आहे, कोल्हापूर सातारा सांगली रत्नागिरी सिंधुदुर्ग आणि आपलं सोलापूर, सहाही जिल्हे तिकडंच. वकील कुठलाबी ठेवा, फाइल कोल्हापूरला. सांगलीवाल्यांची चैन झाली ओ, आपलं काय, रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसला झोपलं की सकाळी मुंबईत उतरत होतो, आता मंगळवेढा सांगोला मिरज करत गाडी हाणायची.

वकीलीणबाई:
सोलापुरातच प्रॅक्टिस करते म्हणून सांगते. सेकंड अपीलला ९० दिवस, निकालाच्या तारखेपासून. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण नकलेचा अर्जच उशिरा टाकला तर ते आधीचे दिवस गेलेच, तेव्हा अर्ज टाकला नसेल तर आजच टाका. दुसरं म्हणजे साक्षीपुरावे परत तपासून घ्यायला हे अपील नसतं, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खाली कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा निघाला तरच दाखल करून घेतात, 'आमच्यावर अन्याय झाला' एवढ्यावर पहिल्याच तारखेला फेटाळतात. आणि नुसतं अपील टाकलं म्हणजे स्टे मिळाला असं होत नाही, त्याचा अर्ज वेगळा लागतो. तोवर चुलत्यांनी जमीन विकली तर? लिस पेंडन्सची, म्हणजे या जमिनीवर दावा चालू आहे अशी नोटीस दुय्यम निबंधकाकडं नोंदवलीय का? महाराष्ट्रात नुसता दावा चालू आहे म्हणून भागत नाही, नोंदवलेली नसली तर घेणारा म्हणतो मला काय माहीत.

बांधावरचा:
ताई ते लिस पेंडन्सचं आमच्या वकिलानं कधी काढलंच नाही. चुलत्यांकडं मागच्या रविवारी कुणीतरी शेत बघून गेलंय, मोजणीवाल्यासारखी टेप घेऊन.

वकीलीणबाई:
मग कोल्हापूरचं उद्या बघू, आधी ते करा. दाव्याचा नंबर, गट नंबर, क्षेत्र आणि चतु:सीमा घेऊन सकाळीच वकिलाकडं जा.