सुगिहारांवरील चित्रपट: एकाचे धैर्य की अनेकांच्या सह्या?

जुनेकागद

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिथुआनियातील कौनास येथे जपानचे उपवाणिज्यदूत असलेल्या चिउने सुगिहारा यांच्यावरील ‘पर्सोना नॉन ग्राटा’ (२०१५, दिग्दर्शक सेलिन ग्लक) हा जपानी चित्रपट नुकताच पाहिला. तोशिआकी कारासावा यांनी सुगिहारा संयमाने उभे केले आहेत आणि चित्रपटाचा हेतू प्रामाणिक आहे, यात शंका नाही. माझा आक्षेप मांडणीला आहे. जपानमार्गे सुटण्यासाठी व्हिसा मागणाऱ्या ज्यू निर्वासितांची वकिलातीच्या फाटकाबाहेरची गर्दी आणि आत एका माणसाची घालमेल हे चित्रपटाचे केंद्र आहे. १९४० च्या जुलै-ऑगस्टमध्ये हजारो ज्यूंचे प्राण मात्र कागदावरच्या एका ओळीने वाचले, आणि ती ओळ सुगिहारांची नव्हती.

जपानचा ट्रान्झिट (देशातून पुढे जाण्यापुरता) व्हिसा मिळण्यासाठी पुढे कोणत्या देशात जाणार हे दाखवावे लागे. फिलिप्स कंपनीचे कौनासमधील प्रतिनिधी यान झ्वार्टेन्डाइक हे तेव्हा डचांचे वाणिज्यदूतही होते. सुरिनाम, कुरासाव आणि अमेरिका खंडातील इतर डच प्रदेशांत प्रवेश करण्यासाठी व्हिसा लागत नाही, असा मजकूर ते निर्वासितांच्या कागदपत्रांवर लिहून देऊ लागले. हे खोटे नव्हते. मात्र उतरण्याची परवानगी तिथल्या गव्हर्नरच्या हातात असते, हा पुढचा भाग त्यांनी गाळला होता. रीगा येथील डच राजदूत डी डेकर यांनी हा मजकूर आधी एका निर्वासित महिलेला लिहून दिला होता, तोच झ्वार्टेन्डाइक यांनी दोन हजारांहून अधिक जणांसाठी वापरला. सुगिहारांसमोर तो आला तेव्हा त्यांनी उलटतपासणी केली नाही, शिक्का मारला. मला त्यांचे मोठेपण इथे दिसते: अर्धवट वाक्य पूर्ण मानण्याचा निर्णय त्यांनी जाणूनबुजून, दिवसामागून दिवस घेतला. चित्रपटात झ्वार्टेन्डाइक येतात आणि जातात. त्या अर्धवट वाक्याचे नाट्य प्रेक्षकापर्यंत पोहोचतच नाही.

पूर्वरंग

मी असहमत आहे. चित्रपट म्हणजे दफ्तर नव्हे. प्रेक्षकाला कोणाच्या तरी डोळ्यांनी पाहावे लागते, आणि या कथेत ते डोळे सुगिहारांचेच असू शकतात. ऑगस्टच्या सुरुवातीला सोव्हिएत सत्तेने लिथुआनिया गिळंकृत केल्यावर झ्वार्टेन्डाइक यांचे काम थांबले. सुगिहारा त्यानंतरही महिनाअखेरपर्यंत लिहीत राहिले. पुढच्या देशाची सोय आणि पुरेसे पैसे नसलेल्यांना व्हिसा देऊ नये, अशी तंबी परराष्ट्रमंत्री मात्सुओका यांच्या तारेतून १६ ऑगस्टला आली, ती त्यांच्या एकट्याच्या नावावर. घरात पत्नी युकिको, मुले आणि त्यातले एक तान्हे. ही घालमेल दाखवू नये तर काय दाखवावे?

शिवाय चित्रपटाने इतरांना वगळलेले नाही. व्लादिवोस्तोकचे जपानी अधिकारी साबुरो नेई त्यात आहेत. आपल्याच वाणिज्यदूताने दिलेले व्हिसा नाकारले तर जपानची पत जाईल, असे त्यांनी मार्च १९४१ मध्ये टोकियोला कळवले होते आणि निर्वासितांना जहाजावर चढू दिले होते.

सातारकर

मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते, कारण ‘आज्ञाभंग केला आणि शिक्षा भोगली’ हा चित्रपटाचा साचा दोघांनीही तपासलेला नाही. कौनासनंतर सुगिहारांना प्राग, कोनिग्सबर्ग आणि बुखारेस्ट येथे नेमणुका मिळाल्या आणि १९४४ मध्ये सरकारी सन्मानही मिळाला. व्हिसाधारकांची २,१३९ नावांची यादी त्यांनी स्वतःच १९४१ च्या फेब्रुवारीत टोकियोला पाठवली; वरिष्ठांपासून काही लपवणारा माणूस असे करत नाही. सहा हजार जीव वाचवले, हा आकडा एका व्हिसावर सबंध कुटुंब गेले असे धरून काढलेला अंदाज आहे. १९४७ मध्ये त्यांना परराष्ट्र खाते सोडावे लागले, ते लिथुआनियाच्या प्रकरणामुळे असे कुटुंबीय सांगत आले आणि सरकार कर्मचारीकपातीचे कारण देत राहिले. ऑक्टोबर २००० मध्ये परराष्ट्रमंत्री योहेई कोनो यांनी त्यांचा जाहीर गौरव केला. शिक्षा झालीच नाही असा माझा दावा नाही. परंतु ज्याचा पुरावा वादग्रस्त आहे तेच शोकांतिकेचा कणा म्हणून वापरणे प्रेक्षकाशी न्याय्य नाही.

जुनेकागद

यादीचा मुद्दा मला पटतो आणि त्याने माझीच बाजू बळकट होते. सुगिहारा नियम झुगारत नव्हते, नियमाच्या आतली जागा शोधत होते. ते रशियन भाषेचे जाणकार होते, मांचुरियातील हार्बिनमध्ये घडले होते, आणि जर्मन व सोव्हिएत सैन्याच्या हालचाली टिपण्यासाठीच त्यांना कौनासला धाडले होते. अशा मुरलेल्या अधिकाऱ्याला टोकियोचे नियम कुठवर ताणता येतील हे पुरते ठाऊक होते. चित्रपट हेरगिरी रंगवतो, पण तिच्यातून आलेले हे कसब व्हिसाच्या टेबलावर वापरलेले दाखवत नाही.

कोल्हापूरकर

आमच्याकडे याच युद्धाचे एक उदाहरण आहे. सोव्हिएत प्रदेशातून सुटलेल्या पोलिश निर्वासितांसाठी मुंबईतील पोलंडचे महावाणिज्यदूत बनासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी अथक खटपट केली, आणि १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश नागरिक, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले. त्यात ब्रिटिश सरकार, संस्थाने, रेड क्रॉस असे अनेकजण गुंतलेले होते, त्यामुळे कोणा एकाला नायक ठरवून ती कथा सांगताच येणार नाही. सुगिहारांच्या कथेलाही हीच पद्धत शोभली असती, असे माझे मत आहे.

पूर्वरंग

वळिवड्याचे उदाहरण मोलाचे आहे, पण तिथे छावणी चालवायला पाच वर्षे आणि सरकारी यंत्रणा होती. कौनासला काही आठवडे, एक वकिलात आणि हाताने लिहायचे व्हिसा होते.

जुनेकागद

आणि तरीही त्या काही आठवड्यांत सही करणारे दोन वाणिज्यदूत होते. सुगिहारांना याद वाशेम या इस्रायलच्या ज्यू नरसंहार स्मारक संस्थेने १९८४ मध्ये गौरवले, झ्वार्टेन्डाइक यांना १९९७ मध्ये. ते १९७६ सालीच वारले होते. एकाच नायकाची कथा सांगण्याची किंमत अशी मोजावी लागते.

पूर्वरंग

हा दोष स्मरणाचा आहे, या चित्रपटाचा नव्हे. जपानी प्रेक्षकांना सुगिहारा ठाऊक होते. त्यांच्यासमोर या चित्रपटाने झ्वार्टेन्डाइक आणि नेई यांना नावानिशी आणले. ते प्रसंग आणखी लांबायला हवे होते, एवढे मी मान्य करतो.